उच्च तापमानातील परिवलन-गतिकी

इलेक्ट्रॉन, प्रोटॉन व अनेक अणुकेंद्रे यांना स्वतःचा असा अंगभूत कोनीय संवेग असतो. त्याला परिवलन म्हणतात. परिवलनामुळे असा प्रत्येक कण अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो. बाह्य चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यास त्याचा अक्ष, कललेल्या भोवऱ्याच्या अक्षाप्रमाणे, क्षेत्राच्या दिशेभोवती फिरू लागतो (या गतीस परांचन म्हणतात). घन पदार्थात असे असंख्य चुंबक आपापल्या जागी जखडलेले असतात व प्रत्येकाचे क्षेत्र शेजाऱ्यांच्या परांचनात ढवळाढवळ करते. या परस्परक्रियेच्या मानाने पदार्थाची ऊष्मीय ऊर्जा फार मोठी असेल, तर परिवलनांचा समूह काळाबरोबर कसा बदलतो, याचा अभ्यास म्हणजे उच्च तापमानातील परिवलन-गतिकी होय.

‘उच्च तापमान’ ही संज्ञा येथे सापेक्ष अर्थाने घ्यावयाची असते. १०,००० गौस क्षेत्रात प्रोटॉनाच्या दोन ऊर्जा पातळ्यांमधील अंतर तापमानाच्या भाषेत सु. ०·००२ के. (केल्व्हिन) इतकेच भरते. शेजारच्या अणुकेंद्राचे क्षेत्र तर अवघे काही गौस असते आणि त्याच्याशी निगडित असलेली ऊर्जा एका केल्व्हिनच्या दहा लक्षांश भागाच्या आसपास येते. त्यामुळे द्रवरूप हीलियमाचे ४·२ के. हे तापमानसुद्धा अणुकेंद्रीय परिवलनांच्या दृष्टीने अत्युच्च ठरते. नेहमीच्या तापमानास वरील क्षेत्रात, दर दहा लक्ष प्रोटॉनांमागे क्षेत्राच्या दिशेने असलेल्यांची संख्या उलट दिशेने असलेल्यांपेक्षा सरासरीने जेमतेम तीन-चारांनी अधिक असते. प्रयोगात मोजले जाणारे सर्व चुंबकन (एकक घनफळातील चुंबकीय परिबल) या तीन-चारांचे असते.

अशा स्थितीत समतोलाविषयी सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. परिवलनांच्या सर्व मांडण्या जवळजवळ सारख्याच संभाव्य असतात. लोहचुंबकत्वासारखी सुव्यवस्था किंवा प्रावस्था बदल यांचा मागमूस नसतो. गतीची गोष्ट मात्र वेगळी आहे. एखाद्या क्षणी वर तोंड करून असलेले परिवलन आपली दिशा किती काळाने व कोणत्या रीतीने विसरते, या प्रश्नाचे उत्तर समतोलाच्या साधेपणातून निघत नाही. येथे दुर्बल मानून बाजूला सारता येईल अशी कोणतीच राशी नाही. प्रत्येक परिवलन ज्या वेगाने शेजाऱ्यांमुळे वळते, त्याच वेगाने ते शेजारीही वळत असतात. म्हणूनच समतोलात इतका साधा असलेला हा समूह काळाच्या संदर्भात भौतिकीतील अवघड प्रश्नांपैकी एक ठरला आहे.

प्रारंभीचे संशोधन : स्वीडिश भौतिकीविज्ञ आय्. वॉलर यांनी १९३२ मध्ये स्फटिकातील परिवलनांच्या शिथिलनाचा (विचलित स्थितीतून समतोलाकडे परत येण्याच्या क्रियेचा) पुंजयामिकीय विचार प्रथम केला. परिवलने व स्फटिक जालक यांच्यातील ऊर्जेची देवघेव आणि परिवलनांची आपापसांतील परस्परक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्यात स्पष्ट झाला होता. एच्. बी. जी. कॅसिमिर व एफ्. के. दु प्रे या डच शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये परिवलन-समूहाला जालकापेक्षा निराळे असे स्वतःचे तापमान मानता येईल, अशी कल्पना मांडली. ही कल्पना पुढे वादाचा विषय झाली.

प्रयोगाची वाट मात्र बिकट होती. नेदर्लंड्समध्ये सी. जे. गॉर्टर यांनी १९३६ व पुन्हा १९४२ मध्ये अणुकेंद्रीय अनुस्पंदन शोधण्याचा केलेला प्रयत्न निष्फळ झाला. अखेर १९४५ च्या अखेरीस ई. एम्. पर्सेल, एच्. सी. टॉरी व आर्. व्ही. पाउंड यांना केंब्रिजमध्ये (मॅसॅचूसेट्स) पॅराफिनात आणि त्यानंतर लवकरच एफ्. ब्लॉख, डब्ल्यू. डब्ल्यू. हॅन्सन व एम्. ई. पॅकर्ड यांना स्टॅनफर्ड विद्यापीठात पाण्यात हा परिणाम दिसून आला. दोन्ही निबंध १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले व ब्लॉख आणि पर्सेल यांना १९५२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ब्लॉख यांनी १९४६ मध्येच चुंबकनाच्या गतीची समीकरणे मांडली. त्यांत क्षेत्राला समांतर व लंब अशा घटकांसाठी दोन निरनिराळे शिथिलन काळ असून दोन्ही घटकांचा क्षय घातीय (समान काळात समान प्रमाणात घटणारा) मानलेला होता.

द्रवांच्या बाबतीत हे गृहीतक उत्तम लागू पडले. द्रवातील रेणू सतत लोळत असल्याने शेजाऱ्यांच्या क्षेत्रांची सरासरी शून्य होते व अनुस्पंदन रेषा अत्यंत बारीक राहते. याचे विवरण एन्. ब्लोएंबर्गेन, पर्सेल व पाउंड यांनी १९४८ मध्ये केले. रेषा बारीक असल्यामुळे रासायनिक परिसराने पडणारे किंचित फरकही ओळखता येतात. जे. टी. अर्नल्ड, एस्. एस्. धर्मट्टी व पॅकर्ड यांनी स्टॅनफर्ड येथे १९५१ मध्ये एथिल अल्कोहॉलाच्या तीन वेगवेगळ्या रेषा दाखविल्या आणि रसायनशास्त्राला एक नवे साधन मिळाले. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या संशोधनाचा पाया घातला. परिवलन-गतिकीचा खरा प्रश्न मात्र द्रवांत नव्हे, तर जेथे कण हलत नाहीत त्या स्फटिकांत दडलेला होता.

या प्रश्नाला पहिले नेमके उत्तर जे. एच्. व्हॅन व्हलेक यांनी १९४८ मध्ये दिले. स्फटिकातील रुंद शोषण रेषेचा आकार काढणे शक्य नसले, तरी तिची परिबले (रेषेच्या मध्यापासूनच्या अंतराच्या दुसऱ्या, चौथ्या इ. घातांच्या सरासऱ्या) अचूक काढता येतात, असे त्यांनी दाखवून दिले. उच्च तापमानात सर्व अवस्था सारख्याच संभाव्य असल्याने एकाही अवस्थेची ऊर्जा न काढता केवळ बेरजांच्या साहाय्याने हे गणित सुटते. या युक्तीत उच्च तापमान ही अडचण नसून सोय आहे. त्याच वर्षी जी. ई. पेक व पर्सेल यांनी कॅल्शियम फ्ल्युओराइडाच्या स्फटिकावर मोजमापे करून हा सिद्धांत पडताळून पाहिला. पेक यांनी जिप्समाच्या स्फटिकातील पाण्याच्या रेणूमधील दोन प्रोटॉनांचे अंतर याच परस्परक्रियेवरून १·५८ अँगस्ट्रॉम इतके काढले.

कॅल्शियम फ्ल्युओराइड हा स्फटिक या विषयाच्या इतिहासात वारंवार भेटतो, त्याला कारण आहे. त्यातील फ्ल्युओरिनाची अणुकेंद्रे साध्या घनाकृती जालकाच्या बिंदूंवर असून शेजारच्या दोन अणुकेंद्रांतील अंतर सु. २·७३ अँगस्ट्रॉम असते. निसर्गातील सर्व फ्ल्युओरीन एकाच समस्थानिकाचे आहे आणि त्याचे परिवलन अर्धा म्हणजे शक्य तितके साधे आहे. कॅल्शियमाच्या जवळजवळ सर्व अणुकेंद्रांना परिवलनच नसते. म्हणजे सैद्धांतिकाने कागदावर कल्पावा तसा नमुना येथे प्रत्यक्ष हाती येतो. या स्फटिकाने मोजमापांशी सिद्धांताची गाठ घालून दिली नसती, तर हा विषय बराच काळ केवळ बीजगणिताचा राहिला असता.

आय्. जे. लोव व आर्. ई. नॉर्बर्ग यांनी १९५७ मध्ये याच स्फटिकातील मुक्त प्रवर्तन क्षय मोजला. चुंबकन एका अल्पकालीन रेडिओ स्पंदाने क्षेत्राला लंब दिशेत वळविले व मग ते आपोआप कसे मावळते ते पाहिले, तर त्या क्रियेस हे नाव देतात. उच्च तापमानात हा क्षय म्हणजे शोषण रेषेचेच फूर्ये रूपांतर असते, हे त्यांनी सिद्ध केले. आर्. कुबो व के. टोमिता यांच्या १९५४ मधील व्यापक सिद्धांताशी ते सुसंगत होते. चकित करणारी गोष्ट निराळीच होती. चुंबकन घातीय नियमाने हळूहळू विझत नव्हते. काही दशक मायक्रोसेकंदांत ते शून्यावर येई, शून्य ओलांडून उलट बाजूला जाई व परत येई. अशी लहान होत जाणारी आंदोलने स्पष्ट दिसत होती. बाहेरून हे वर्तन अगदी सुबक होते. ए. अब्रागाम यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात त्याला जुळणारे एक सोपे सूत्र सुचविले, पण ते मूलभूत नियमांतून आलेले नव्हते. परिबलांच्या मार्गाने पुढे जावे, तर दर पायरीला अधिकाधिक शेजारी हिशोबात येतात व चौथ्या परिबलानंतरचे काम झपाट्याने वाढते. शिवाय थोडीशी परिबले क्षयाचा आरंभ सांगतात, शेवट सांगत नाहीत.

परिवलनांचे विसरण : ब्लोएंबर्गेन यांनी १९४९ मध्ये या विषयाला दुसरी दिशा दिली. शेजारची दोन परिवलने एकाच वेळी परस्परविरुद्ध उलटली, तर एकूण ऊर्जा बदलत नाही, परंतु चुंबकन एका जागेवरून दुसरीकडे सरकते. अशा असंख्य अदलाबदलींमुळे चुंबकन, अणू जागचे न हलता, पाण्यात शाई पसरावी तसे पसरते. स्फटिकातील तुरळक चुंबकीय अशुद्धींपाशी ते पोहोचले की तेथे जालकाला ऊर्जा दिली जाते. शुद्ध दिसणाऱ्या स्फटिकांचे शिथिलन असे होते. हे विसरण कमालीचे मंद असते. डब्ल्यू. झांग व डी. जी. कोरी यांनी कॅल्शियम फ्ल्युओराइडात त्याचा गुणांक प्रत्यक्ष मोजला तो १९९८ मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी. तो दर सेकंदाला एका चौ. सेंमी.च्या काही लक्ष कोट्यांश भागांएवढा भरला. म्हणजे एक मायक्रोमीटर अंतर पसरण्यास काही मिनिटे लागतात.

पी. जी. द झेन यांनी १९५८ मध्ये हाच विचार इलेक्ट्रॉनीय चुंबकांना लावून उच्च तापमानास त्यांच्यावरून होणाऱ्या न्यूट्रॉनांच्या प्रकीर्णनाचे भाकीत केले. त्याच वर्षी पी. डब्ल्यू. अँडरसन यांनी नेमका उलट निष्कर्ष मांडला. बेल प्रयोगशाळेत जी. फेहेर यांनी सिलिकॉनातील फॉस्फरस अशुद्धींच्या परिवलनांवर प्रयोग केले होते. त्यांत अपेक्षित पसरण दिसत नव्हती. जागोजागीची परिस्थिती पुरेशी विषम असेल, तर विसरण मंदावत नाही, तर मुळातच थांबते, असे अँडरसन यांनी दाखविले. या निबंधाकडे सुरुवातीस फार थोड्यांनी लक्ष दिले. १९७७ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा मोठा वाटा होता आणि त्यात अँडरसन यांचे गुरू व्हॅन व्हलेक हेही सहभागी होते.

कालदिशेचा प्रश्न : क्षय पावलेले चुंबकन खरोखर नाहीसे होते काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील एका वादाशी जाऊन मिळतो. एल्. बोल्ट्समान यांनी १८७२ मध्ये वायूची एंट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) वाढतच जाते असे दाखविले, तेव्हा जे. लोश्मिट यांनी १८७६ मध्ये आक्षेप घेतला, की सर्व रेणूंचे वेग एकाच क्षणी उलटे केल्यास वायू आला त्या मार्गाने परत गेला पाहिजे. हा आक्षेप तर्काने बिनतोड होता, पण वायूच्या रेणूंवर त्याचा प्रयोग करणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते.

परिवलनांच्या बाबतीत ते शक्य झाले. ई. एल्. हान यांनी १९५० मध्ये परिवलन प्रतिध्वनी प्रसिद्ध केला. बाह्य क्षेत्र सर्वत्र सारखे नसल्याने काही परिवलने वेगाने व काही सावकाश फिरतात आणि चुंबकन विखुरते. मध्येच दुसरा स्पंद दिला, तर पुढे गेलेली मागे पडतात व तितक्याच काळाने सर्व पुन्हा एकत्र येतात. वर्तुळाकार मार्गावर धावणारे स्पर्धक इशाऱ्यासरशी मागे वळले, तर जलद व मंद सारे एकाच वेळी आरंभरेषेवर पोहोचतील, तसाच हा प्रकार होय. मात्र यात प्रत्येक परिवलन स्वतंत्रपणे वागत असते. परस्परक्रियेने झालेला क्षय या रीतीने परत फिरत नाही. स्पंदाने दोन्ही शेजारी एकदम उलटे होतात व त्यांच्यातील परस्परक्रियेचे चिन्ह होते तेच राहते. म्हणून हा क्षय तरी कायमचा, अशी समजूत रूढ झाली.

तिला परिवलन-तापमानाच्या कल्पनेने बळकटी दिली. पर्सेल व पाउंड यांनी १९५१ मध्ये लिथियम फ्ल्युओराइडाच्या स्फटिकावरील क्षेत्राची दिशा झटकन उलटवून परिवलनांना ऋण तापमानास नेले आणि ती अवस्था काही मिनिटे टिकली. अब्रागाम व डब्ल्यू. जी. प्रॉक्टर यांनी १९५८ मध्ये त्याच स्फटिकात लिथियम व फ्ल्युओरीन यांची परिवलने, गरम व थंड पाणी मिसळावे तशी मिसळून, त्यांना समान तापमान येते असे दाखविले. यावरून क्षयानंतर समूहाचे संपूर्ण वर्णन तापमान या एकाच संख्येने होते व बाकी सर्व माहिती पुसली जाते, असे मानण्यात येऊ लागले.

एच्. श्नायडर व एच्. श्मीडेल यांनी १९६९ मध्ये आणि डब्ल्यू. के. रिम, ए. पाइन्स व जे. एस्. वॉ यांनी मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९७० व १९७१ मध्ये केलेल्या प्रयोगांनी ही समजूत उलथून टाकली. योग्य कंप्रतेचे तीव्र रेडिओ क्षेत्र सतत लावल्यास परिवलनांमधील परस्परक्रियेचे परिणामी रूप मूळच्या उलट चिन्हाचे व निम्म्या तीव्रतेचे होते. मग क्षयास जितका काळ दिला त्याच्या दुप्पट काळ हे क्षेत्र लावले की सारी गती आल्या वाटेने परत जाते. कॅल्शियम फ्ल्युओराइडातील चुंबकन शून्यवत झाल्यावर बराच काळ लोटला असतानाही ते पुन्हा प्रकट झाले. या परिणामास ‘मॅजिक एको’ म्हणजे जादूचा प्रतिध्वनी असे नाव पडले. काळ मागे गेला असे यात काही नाही. मावळलेले चुंबकन असंख्य परिवलनांच्या परस्परसंबंधांत साठून राहिले होते आणि एका-एका परिवलनाकडे पाहणाऱ्या उपकरणाला ते दिसत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

यावरून परिवलन-तापमानाची कल्पना चुकीची ठरली, असे मात्र म्हणता येत नाही. समूहाशी नेहमीच्या साधनांनी व्यवहार करणाऱ्याला तापमान पुरते. ज्याच्या हाती परस्परक्रियेचे चिन्ह फिरविण्याची कळ आहे, त्याला ते पुरत नाही. लोश्मिट व बोल्ट्समान दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, असा या प्रयोगाचा निवाडा आहे. प्रतिध्वनी पूर्ण तीव्रतेचा मात्र येत नाही आणि जितकी वाट अधिक पाहावी तितका तो क्षीण होतो. एस्. झांग, बी. एच्. मायर व आर्. आर्. अर्न्स्ट यांनी १९९२ मध्ये एका जागी ठेवलेले चुंबकन आसपास पसरवून परत आणले. त्यानंतर आर्जेंटिनातील कॉर्दोबा येथे पी. आर्. लेव्हस्टाइन, जी. उसाज व एच्. एम्. पास्ताव्स्की यांनी १९९८ मध्ये असे दाखविले, की प्रतिध्वनीची घट केवळ प्रयोगातील उणिवांवर अवलंबून नसून समूहाच्या आतील गुंतागुंतीशीही निगडित आहे.

क्षयाच्या शेवटच्या भागाचा उलगडाही याच सुमारास होऊ लागला. एम्. एंगल्सबर्ग व लोव यांनी १९७४ मध्ये कॅल्शियम फ्ल्युओराइडातील क्षय अधिक अचूकपणे मोजला होता. बी. व्ही. फाइन यांनी २००४ च्या सुमारास असे प्रतिपादन केले, की आरंभ कोणताही असो, पुरेशा काळानंतर क्षय घातीय किंवा घातीय आवरणातील आंदोलनाच्या रूपात येतो व याचे मूळ समूहाच्या अस्ताव्यस्त गतीत आहे. एस्. डब्ल्यू. मॉर्गन, फाइन व बी. सॅम यांनी २००८ मध्ये गोठविलेल्या झेनॉनावर हे पडताळून पाहिले. निरनिराळ्या प्रकारे सुरू केलेले क्षय अखेरीस एकाच कंप्रतेने व एकाच गतीने मावळताना आढळले.

एकमितीय साखळी : डब्ल्यू. हायझेनबेर्क यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या प्रतिकृतीची एकमितीय साखळी एच्. बेटे यांनी १९३१ मध्येच अचूक सोडविली होती. तिच्यातील ऊर्जा पातळ्या ज्ञात असूनही उच्च तापमानातील गतीचे गणित सुटत नव्हते. संगणकाने लहान साखळ्या सोडविता येतात. पण प्रत्येक जादा परिवलनाबरोबर अवस्थांची संख्या दुप्पट होते. १० परिवलनांच्या अवस्था १,०२४ असतात, तर ४० परिवलनांच्या सु. १ लक्ष कोटी होतात. या साखळीत नेहमीचे विसरण असावे, असेच पुष्कळ काळ धरले जात होते.

एम्. झ्निदारिच यांनी २०११ मध्ये संगणकीय पद्धतीने व पुढे एम्. ल्युबोतिना, झ्निदारिच व टी. प्रोसेन यांनी २०१७ आणि २०१९ मध्ये दाखविले, की दिशानिरपेक्ष परस्परक्रिया असलेल्या साखळीत चुंबकन विसरणापेक्षा जलद पसरते. चौपट अंतर पसरण्यास विसरणात सोळा पट काळ लागतो, येथे आठ पटच लागतो. पसरणीचा आकार एम्. कार्दार, जी. पारिसी व वाय्. सी. झांग यांनी १९८६ मध्ये वाढत्या पृष्ठभागांच्या खडबडीतपणासाठी मांडलेल्या समीकरणाशी तंतोतंत जुळत होता. परिवलने आणि वाढते पृष्ठभाग यांचा असा संबंध कोणाच्याही ध्यानीमनी नव्हता. पोटॅशियम कॉपर फ्ल्युओराइडातील इलेक्ट्रॉनीय परिवलनांच्या साखळ्यांवर न्यूट्रॉनांच्या साहाय्याने केलेली मोजमापे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. येथे परस्परक्रिया अणुकेंद्रांच्या मानाने कोट्यवधी पटींनी मोठी, सु. ४०० के. तापमानाशी तुल्य असते. म्हणून नेहमीचे तापमान हे या पदार्थात काटेकोरपणे ‘उच्च’ नव्हे, तरीही अपेक्षित घात मिळाला. जर्मनीतील गार्खिंग येथे प्रकाशाच्या सापळ्यात ओळीने ठेवलेल्या रुबिडियमाच्या अणूंवरील प्रयोगातही (२०२२) तोच आढळला.

गूगल कंपनीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ४६ पुंज-बिटांच्या (पुंज संगणकातील मूलघटकांच्या) साखळीवर अनंत तापमानातील चुंबकनाचे वहन तपासले व केवळ सरासरी न पाहता एका प्रयोगापासून दुसऱ्या प्रयोगापर्यंत होणाऱ्या चढउतारांचेही वितरण काढले. सरासरी वर्तनातील घात अपेक्षेप्रमाणे आला. परंतु चढउतारांची असममिती पृष्ठभागांच्या समीकरणाशी जुळली नाही. म्हणजे साखळीचे वर्तन त्या समीकरणाच्या कुळातील नसून, निदान प्रयोगाच्या कालमर्यादेत, त्याच्या एका अंगाशीच साम्य दाखविते. त्रिमितीय स्फटिकात ब्लोएंबर्गेन यांनी गृहीत धरलेले साधे विसरण प्रयोगांनी दृढ झालेले असले, तरी पुंजयामिकीच्या मूळ समीकरणांपासून त्याची काटेकोर गणिती सिद्धता अद्याप मिळालेली नाही.